'शॅल' आणि 'मे' : देणे आणि मर्जी

आपल्यापैकी बहुतेकांनी तोंडाने उच्चारलेले इंग्रजीचे पहिले पूर्ण वाक्य एकच असेल : 'मे आय कम इन, सर?' अर्थ कळायच्या आधी ते पाठ झालेले असते. वर्गाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, वाक्य म्हणायचे आणि आतून 'येस' येईपर्यंत थांबायचे. हे वाक्य वर्गातल्या सगळ्याच पोरांना होते, शिक्षकांचा त्यात काही वेगळा हेतू नव्हता. पण ज्यांच्या बापजाद्यांचे आयुष्य कुणाच्या ना कुणाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहण्यात गेले, त्यांच्या पोरांना ते वाक्य शिकायला फार कष्ट पडले नाहीत. मराठीत ते त्यांना आधीच येत होते.

'शॅल' हा शब्द पुढे व्याकरणाच्या तासाला भेटला. 'आय' आणि 'वुई'च्या पुढे 'शॅल', बाकी सगळ्यांपुढे 'विल', असा तो नियम. जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज पंडिताने १६५३ साली आपल्या व्याकरणात तो मांडला आणि तिथून तो फिरत फिरत आमच्या फळ्यावर आला. या नियमाचा एक उत्तरार्ध आहे. 'यू शॅल' किंवा 'ही शॅल' असे उलटे म्हटले की तो साधा भविष्यकाळ राहत नाही. ती आज्ञा होते, वचन होते किंवा धमकी होते. परीक्षेला हा उत्तरार्ध कधी आला नाही, म्हणून आम्ही तो सोडून दिला. पुढे आयुष्यात मात्र तोच आला, कारण कायद्याची सगळी इमारत या उत्तरार्धावर उभी आहे.

मला ते कळले एका कार्यालयाच्या खिडकीपाशी. वसतिगृहात जागा मागायला गेलो होतो. गुण होते, दाखला होता, जागाही रिकामी होती. खिडकीमागच्या कारकुनाने इंग्रजी नियमांचे पुस्तक माझ्यापुढे सरकवले आणि एका शब्दावर बोट ठेवले. "हे वाच. 'मे' लिहिलंय. 'शॅल' असतं तर तुला नाही म्हणायची माझी काय छाती होती?" त्या दिवशी मला त्याचा राग आला. आज वाटते, तो खोटे बोलत नव्हता. त्याने नकार दिला तो एका शब्दाच्या आधाराने, आणि तो शब्द त्याने लिहिलेला नव्हता.

हे दोन शब्द आपण नीट ओळखून घेतले पाहिजेत.

शब्दांच्या कुळापासून सुरुवात करू. जुन्या इंग्रजीत 'शॅल' ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ 'देणे लागणे' असा होता. म्हणजे मुळात हा कर्जाचा शब्द आहे. त्याच कुळातला जर्मन शब्द 'शुल्ड' आजही कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. 'मे'चे कूळ निराळे. त्याच्या मुळाशी 'बळ असणे, समर्थ असणे' हा अर्थ आहे. सामर्थ्याला इंग्रजीत 'माइट' म्हणतात, तो 'मे'चाच सख्खा भाऊ. 'मे'ला परवानगीचा अर्थ नंतर चिकटला. एक शब्द ऋणकोच्या तोंडचा आहे, दुसरा बळवंताच्या. हजार वर्षांत दोन्ही शब्द खूप झिजले, तरी कायद्याच्या पुस्तकात त्यांचा हा मूळ स्वभाव अजून शिल्लक आहे. जिथे 'शॅल' आहे तिथे कुणीतरी कुणाचे तरी देणे लागतो. जिथे 'मे' आहे तिथे कुणाच्या तरी हातात सत्ता आहे आणि ती वापरायची की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे.

मराठीत हा भेद आणखी बारीक होतो, इतका की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. शासन निर्णयात 'शॅल'साठी आपण लिहितो 'देण्यात येईल' आणि 'मे'साठी लिहितो 'देता येईल'. 'शिष्यवृत्ती देण्यात येईल' आणि 'शिष्यवृत्ती देता येईल' ही दोन वाक्ये घाईत वाचणाऱ्याला एकच वाटतात. पहिल्यात शासनाने आपल्यावर देणे घेतले आहे. दुसऱ्यात आपल्या अंगी देण्याची ताकद आहे एवढेच सांगितले आहे. पहिल्या वाक्याच्या आधाराने दाद मागता येते, दुसऱ्याच्या आधाराने अर्ज करता येतो. शिवाय 'येईल' हा शब्द भविष्यकाळाचा असल्याने 'देण्यात येईल' हे कर्तव्यही काही बहाद्दर अधिकारी भविष्यवाणीसारखे वाचतात. एक दिवस देण्यात येईल, थांबा!

गावगाड्याला इंग्रजी येत नव्हते, पण या दोन शब्दांची वाटणी त्याने पक्की केली होती. महारकीच्या वतनात महाराने सांगावा नेणे, रात्रीची गस्त घालणे, मेलेले जनावर ओढणे, सरकारी माणसापुढे धावणे ही कामे बंधनाची होती. त्यांना वेळेची मर्यादा नव्हती आणि नकाराची सोय नव्हती. बदल्यात जे बलुते मिळायचे ते नावाला हक्काचे, पण हातात पडायचे खळ्यावरच्या पाटील-कुणब्याच्या मर्जीने. पेंढी लहान की मोठी, आज की उद्या, हे देणारा ठरवी. महाराच्या बाजूला सगळे 'शॅल' आणि गावाच्या बाजूला सगळे 'मे', अशी ती व्यवस्था होती. १८७४च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने तिला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. काम किती आणि मोबदला किती हे मोजून ठरवा, ही त्यामागची मागणी होती. मर्जीचे देणे हिशोबाचे करून घेणे, म्हणजेच गावाच्या 'मे'चा 'शॅल' करणे, हाच तो लढा होता.

महाडचेही तेच. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात अशी त्यात शिफारस होती. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर 'मे' आला, पण तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर तो कुणाला दिसला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे चालत गेली आणि पाणी प्यायली. मग काय झाले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. परवानगीचा हा गुण नीट ध्यानात ठेवला पाहिजे : जो देतो तो परत घेऊ शकतो. हक्काचा निकाल व्हायला १९३७ साल उजाडले. मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा अधिकार मान्य केला तेव्हा ती गोष्ट कुणाच्या मर्जीची राहिली नाही.

ही जाण ठेवून आता संविधानाकडे पाहू. लोकसभेत आणि विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद अनुच्छेद ३३० आणि ३३२ मध्ये आहे. तिथे शब्द आहे 'शॅल'. म्हणून कोणत्याही पक्षाचे सरकार आले तरी लोकसभेतल्या अनुसूचित जातींच्या ८४ आणि जमातींच्या ४७ जागा, महाराष्ट्र विधानसभेतल्या २९ आणि २५ जागा, निवडणूक लागली की राखीव असतातच. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही आणि मंत्र्याची भेट घ्यावी लागत नाही. या तरतुदीला मुदत आहे आणि ती संसदेने वेळोवेळी वाढवली आहे, आता ती २०३० पर्यंत आहे. पण मुदतीच्या आत ती कुणाच्या इच्छेवर नाही.

नोकरीतल्या राखीव जागांचे तसे नाही, आणि आपल्यापैकी शिकलेल्यांचीही इथेच गफलत होते. अनुच्छेद १६च्या चौथ्या खंडातही 'शॅल' आहे, पण तो शासनाला उद्देशून नाही. त्या वाक्याचा सरळ अर्थ असा : शासनाला मागासवर्गासाठी जागा राखून ठेवायच्या असतील तर या अनुच्छेदातली कोणतीही गोष्ट त्याला अडवणार नाही. इथे 'शॅल' अडवणाऱ्याला बांधतो, देणाऱ्याला बांधत नाही. शासनाच्या वाट्याला जे येते ते शेवटी 'मे'च. १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद १५चा चौथा खंडही याच घडणीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२च्या बालाजी खटल्यात अनुच्छेद १५बाबत आणि १९६७च्या राजेंद्रन खटल्यात अनुच्छेद १६बाबत सांगितले की या तरतुदी शासनाला सामर्थ्य देतात, त्याच्यावर कर्तव्य लादत नाहीत. फेब्रुवारी २०२०च्या मुकेशकुमार खटल्यात हेच पुन्हा आले. उत्तराखंड सरकारने २०१२ साली बढतीत आरक्षण न ठेवण्याचे ठरवले होते. ते ठेवा असा आदेश शासनाला देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या निकालाने आपल्याकडे पुष्कळांना धक्का बसला. पण खिडकीमागच्या कारकुनाला तो बसला नसता. त्याला हे वाक्य वाचता येत होते.

म्हणून पहिला धडा असा की नुसता 'शॅल' दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. तो कुणाच्या नावापुढे बसला आहे ते पाहावे.

दुसरा धडा अधिक कडवट आहे. 'शॅल'च्या पोटात 'मे' लपवता येतो. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्यासाठी १९९३ साली केंद्राने कायदा केला. कोणीही माणसाकडून मैला वाहून घेऊ नये, कोरडे संडास बांधू नयेत, असे त्यात स्पष्ट 'शॅल'मध्ये लिहिले होते. पण त्या 'शॅल'च्या आधी एक अट होती : राज्य सरकार अधिसूचना काढून जी तारीख आणि जो प्रदेश ठरवील, त्या तारखेपासून आणि त्या प्रदेशात. हे 'ठरवील' म्हणजे इंग्रजीतला 'मे' होता. सरकारने तारीख ठरवली नाही तर बंदीही नाही. कायदा महाराष्ट्रासह काही राज्यांत अमलात यायला २६ जानेवारी १९९७ उजाडले, आणि बाकीच्या राज्यांनी तो आपापल्या सवडीने स्वीकारला. माणसाच्या डोक्यावरची टोपली उतरवण्याचा मुहूर्त शोधण्याचे काम ज्यांच्या डोक्यावर ती कधी आली नाही त्यांच्याकडे गेले. २०१३ साली नवा कायदा आला आणि तो ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. त्याने ही पळवाट बुजवली. बंदी कायदा सुरू झाल्या दिवसापासून, राज्याच्या तारखेची वाट न पाहता.

शिक्षणाचेही असेच आहे. मूळ अनुच्छेद ४५मध्ये शासनाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा 'प्रयत्न करावा' असे होते. 'शॅल' होता, पण तो देण्यापुढे नव्हता, प्रयत्नापुढे होता. प्रयत्न केला म्हटले की कर्ज फिटले! ती दहा वर्षे १९६० साली संपली. २००२च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी 'प्रयत्न' हा शब्द गेला. शासन शिक्षण 'देईल' असे आले. ते प्रत्यक्ष अमलात आले १ एप्रिल २०१० रोजी. पण त्या वाक्याच्या शेपटाला पुन्हा एक 'मे' आहेच : शासन कायद्याने ठरवील त्या रीतीने. शिक्षण द्यायचे की नाही हा प्रश्न संपला. कसे द्यायचे हा प्रश्न मर्जीच्या प्रांतात राहिला, आणि आपल्या वस्तीतली शाळा कशी असते ते त्या प्रांतात ठरते.

हे दोन शब्द एकाच वाक्यात नेटाने कसे वापरावेत याचाही दाखला आहे. अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा १९५५ साली झाला. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, 'किंवा' पाचशे रुपयांपर्यंत दंड, 'किंवा' दोन्ही, अशी शिक्षा होती. 'पर्यंत' म्हणजे 'मे'. वरची कमाल ठरलेली, खाली तळ नाही. किरकोळ दंड भरून आरोपी घरी जाऊ शके. १९७६ साली या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले आणि त्याला तळ बसवला गेला : किमान एक महिना कैद, आणि दंडही. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो तळ आणखी वर उचलला. त्यातल्या पुष्कळ गुन्ह्यांना सहा महिन्यांहून कमी नाही, हा 'शॅल', आणि पाच वर्षांपर्यंत वाढू शकेल, हा 'मे'. न्यायाधीशाला वर जाण्याची मोकळीक आहे, खाली उतरण्याची नाही. याच कायद्याच्या चौथ्या कलमात जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकालाही सहा महिने ते एक वर्ष कैद सांगितली आहे. तक्रार नोंदवून न घेणारा अंमलदार त्यात येतो. अर्थात प्रशासकीय चौकशीने तशी शिफारस केल्यावर. ही चौकशीची अट म्हणजे पुन्हा एका साहेबाचा उंबरा.

कायद्याच्या पुस्तकात काय छापले आहे एवढ्यावरही गोष्ट संपत नाही, कारण न्यायालये हे शब्द एकमेकांच्या जागी वाचू शकतात. १८८० साली विलायतेत एका बिशपविरुद्धच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तत्त्व सांगितले की सत्ता ज्यांच्या भल्यासाठी दिली आहे त्यांनी ती वापरण्याची मागणी केली, तर परिस्थितीनुसार त्या सत्तेला कर्तव्य जोडले जाऊ शकते. त्या खटल्यात बिशपला कुणी भाग पाडले नाही, पण तत्त्व राहिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली जोगेंद्रसिंग खटल्यात एका नियमातला 'मे' हा 'शॅल' म्हणून वाचला. उलट १९५७च्या मनबोधनलाल खटल्यात, लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दल संविधानात स्पष्ट 'शॅल' असूनही, सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही असे ठरवले. शब्दाला अर्थ आहे, पण तो अर्थ कुणाच्या हातात पडतो यालाही अर्थ आहे. म्हणूनच हल्ली काही देशांतले मसुदाकार 'शॅल' टाकून 'मस्ट' हा रोखठोक शब्द घेतात. वर्णभेदातून बाहेर पडलेल्या दक्षिण आफ्रिकेने १९९६च्या आपल्या संविधानात तेच केले.

मग अनुच्छेद ४६चे काय? दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे हित शासन विशेष काळजीने जपेल, त्यांना सामाजिक अन्यायापासून वाचवील, असे तिथे ठणठणीत 'शॅल'मध्ये लिहिले आहे. पण अनुच्छेद ३७ सांगतो की या तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयातून करून घेता येणार नाही, आणि लगेच हेही सांगतो की ती अमलात आणणे शासनाचे कर्तव्य असेल. कर्ज कबूल आहे, पण वसुलीला कोर्ट नाही! बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना याच आक्षेपाला उत्तर दिले होते. सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांबद्दल न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीत मतदारांपुढे तो द्यावाच लागेल, असा त्यांचा आशय होता. म्हणजे या 'शॅल'ची वसुली त्यांनी आपल्यावर सोपवली. ती आपण किती केली, हा प्रश्न न्यायाधीशांना विचारून भागणार नाही.

हे सगळे वकिलांचे काम आहे असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. शिष्यवृत्तीचे परिपत्रक, घरकुलाचा नियम, गायरानाचा आदेश, नुकसानभरपाईचे पत्र आपल्या वस्तीत रोज येते आणि ते वकील वाचत नाही, बारावी झालेले एखादे पोर वाचते. त्या पोराला चार गोष्टी पाहायला शिकवा. वाक्यात 'देण्यात येईल' आहे की 'देता येईल'. ते बंधन कुणाच्या नावापुढे आहे. त्याच्या मागे-पुढे 'शासन ठरवील त्या तारखेपासून' असे शेपूट आहे का. आणि दिले नाही तर काय, हे कुठे लिहिले आहे का. चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोरे असेल तर तो 'शॅल' अर्धाच आहे असे समजावे. जिथे 'देता येईल' असेल तिथे नुसता अर्ज करून थांबू नये. ते 'देण्यात येईल' करून घेण्याची मागणी लिहून द्यावी, संघटनेने ती लावून धरावी.

वर्गात शिरताना पोराने 'मे आय कम इन' जरूर म्हणावे. ती रीत आहे, आणि ती सगळ्यांना सारखी आहे. पण शाळेत नाव घालताना, पाणवठ्यावर जाताना, ठाण्यात तक्रार देताना ते वाक्य त्याच्या तोंडी येता कामा नये. तिथे त्याचे देणे आहे, आणि देणे मागताना परवानगी विचारायची नसते.